खंडेनवमीच्या पाटावर एक वहीही ठेवा

खंडेनवमीला तुम्ही कॅमेरा पाटावर ठेवता. लेन्स पुसता, हळदकुंकू वाहता, झेंडूचं फूल ठेवता. ज्या हत्यारावर घर चालतं, त्याचा मान राखायची ही आपली रीत चांगली आहे.

यंदा त्या पाटावर आणखी एक वस्तू ठेवा. एक साधी दोनशे पानी वही.

ही वही कशासाठी, ते आधी सांगतो. माझ्यावर जे ओढवलं, ते तुमच्यावर ओढवू नये एवढीच इच्छा आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. मे महिना, दाट लग्नतिथी, खचाखच भरलेलं मंगल कार्यालय. दुसरी बॉडी, दोन लेन्स आणि फ्लॅश असलेली बॅग मी रुखवताच्या टेबलाखाली सरकवली होती. मंगलाष्टकं सुरू झाली. सगळ्यांची तोंडं नवरा-नवरीकडे, माझा डोळा व्ह्यूफाइंडरला. अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली, हार घालून झाले. लेन्स बदलायला म्हणून मी टेबलाची झालर वर केली. खाली बॅग नव्हती.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न आला, ‘सिरीयल नंबर?’ मला सांगता आला नाही. दुसरा प्रश्न, ‘बिल?’ माझ्याकडे कच्ची पावती होती आणि तीही सापडेना. विमा तर नव्हताच. पुढचा सगळा हंगाम मी भाड्याच्या कॅमेऱ्यावर काढला. गेलेल्या सामानाचं कर्ज फेडायला दीड वर्ष लागलं.

चोरी कुणाच्याही हातात नसते. पण ते दीड वर्ष माझ्या हातात होतं. म्हणून सांगतो, दसऱ्यापासून तुळशीच्या लग्नापर्यंत जो महिनाभर मिळतो, त्यात ही कामं उरकून घ्या. एकदा मुहूर्त सुरू झाले की तुम्हाला जेवायला सवड नसते, कागद कुठून वाचणार?

पहिलं काम: वही भरा

बॅग रिकामी करा. सगळं सामान चादरीवर मांडा. बॉडी, लेन्स, फ्लॅश, ट्रिगर, गिंबल, ट्रायपॉड, लाइट, ड्रोन, लॅपटॉप, हार्ड डिस्क, सगळं.

एका वस्तूला एक ओळ द्या. नाव, मॉडेल, सिरीयल नंबर, घेतल्याची तारीख, दिलेली किंमत, दुकानाचं नाव. कॅमेऱ्याचा नंबर बहुधा तळाशी असतो. लेन्सचा नंबर नळीवर, माउंटच्या जवळ असतो. बारीक असतो, मोबाइलने फोटो काढून मोठा करून वाचा.

प्रत्येक वस्तूचा, नंबराचा आणि बिलाचा फोटो काढा. ते फोटो स्वतःलाच मेल करा. मोबाइलही त्याच बॅगेतून गेला, तर मेल तरी राहील.

बिल नेहमी पक्कं घ्या. फोर्टच्या बोरा बाजारात जा नाहीतर तालुक्याच्या गावी घ्या. बिनबिलाचा कॅमेरा चार पैसे स्वस्त पडतो. पण तो चोरीला गेला की तो तुमचा होता, हे सिद्ध करणं कठीण जातं. वापरलेला कॅमेरा घेत असाल, तर विकणाऱ्याकडून मूळ बिल मागा. शिवाय त्याच्या सहीची पावती घ्या आणि तिच्यावर सिरीयल नंबर लिहून घ्या. पैसे बँकेतून द्या.

बिलावरचं नाव आणि विम्यावरचं नाव जुळलं पाहिजे. बिल मुलाच्या नावावर, स्टुडिओ वडिलांच्या नावावर आणि पॉलिसी तिसऱ्याच नावावर, असा घोळ अनेक घरांत असतो. आत्ताच निस्तरा.

दुसरं काम: खरी किंमत मांडा

हप्ता कमी बसावा म्हणून कित्येक जण सामानाची किंमत कमी सांगतात. यात नुकसान तुमचंच होतं.

समजा लेन्सची किंमत ८०,००० रुपये आहे आणि तुम्ही विमा काढला ४०,००० रुपयांचा. लेन्स पडली. दुरुस्ती आली २०,००० रुपये. तुम्हाला वाटेल, विमा चाळीसचा आहे, वीस सहज मिळतील. तसं होत नाही. तुम्ही निम्म्या किमतीचा विमा काढला, म्हणून कंपनी नुकसानही निम्मंच मोजते. हिशेब १०,००० वर येतो. त्यातून तुमच्या वाट्याची ठरलेली रक्कमही वजा होते.

विमा काढताना दोन गोष्टी स्पष्ट विचारा. वस्तू गेली तर नव्या वस्तूची किंमत मिळणार, की जुनेपणाचा घसारा कापून मिळणार? आणि प्रत्येक नुकसानीत माझ्या खिशातून किती जाणार?

नवीन लेन्स घेतली की त्याच आठवड्यात ती पॉलिसीत घाला. यादीत नसलेल्या वस्तूचे पैसे सहसा मिळत नाहीत.

तिसरं काम: कोणता विमा कशासाठी, ते समजून घ्या

एकच कागद सगळं सांभाळतो, असं समजू नका. दुकानातून घेतलेली वाढीव वॉरंटी म्हणजे विमा नव्हे. वॉरंटी वस्तूतल्या दोषासाठी असते. वस्तू पडली, चोरीला गेली, तर ती बहुधा कामाला येत नाही. घराच्या विम्यातही धंद्याचं सामान बहुतेक वेळा धरलेलं नसतं.

फिरत्या सामानासाठी ‘ऑल रिस्क’ नावाची पॉलिसी मिळते. काही कंपन्या ‘इलेक्ट्रॉनिक इक्विपमेंट’ या नावाखाली विमा देतात. नावावर जाऊ नका. एवढंच विचारा, ‘माझा कॅमेरा स्टुडिओबाहेर, मंगल कार्यालयात, प्रवासात असताना पडला किंवा चोरीला गेला, तर पैसे मिळतील का?’ होकार आला, तर तो पॉलिसीत कुठे लिहिलाय ते दाखवायला सांगा.

परदेशातल्या लग्नाचं काम घेतलं असेल, तर विमा तिथे चालतो का तेही विचारा. भारतापुरता विमा दुबईत चालणार नाही.

स्टुडिओच्या जागेसाठी वेगळा विमा लागतो. १ एप्रिल २०२१ पासून छोट्या व्यवसायांसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही एकसारख्या अटींची पॉलिसी आहे. ५ कोटींपर्यंतच्या मालमत्तेला ती मिळते. आग, पूर, वादळ, भूकंप अशा संकटांत ती उपयोगी पडते. साधी घरफोडी मात्र तिच्यात येत नाही, ती जोडून घ्यावी लागते.

पुराचं संकट लांबचं समजू नका. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात काय झालं, ते तुम्ही पाहिलंत. २२ जुलै २०२१ ला चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली. तळमजल्यावर स्टुडिओ असेल, तर पावसाळ्यात हार्ड डिस्क आणि कॅमेरे रात्री वरच्या मजल्यावर किंवा घरी न्या. विमा पैसे देईल, पण जुन्या लग्नांचे फोटो परत देणार नाही.

चौथं काम: दुसऱ्याच्या नुकसानीचा विचार करा

आपण आपल्या कॅमेऱ्याची काळजी करतो. पण खरा मोठा खर्च येतो तो दुसऱ्याला लागलं तर.

मांडवात तुमची वायर आडवी गेलेली असते. नऊवारी नेसलेली एखादी आजी घाईने नातीच्या ओटीभरणीला निघते. पाय अडकतो, आजी पडते, खुब्याचं हाड मोडतं. लाइट स्टँड वाऱ्याने कलंडतो आणि खाली लहान मूल असतं. तापलेला लाइट पडद्याला टेकतो आणि सजावट पेटते. अशा वेळी भरपाई तुमच्याकडे मागितली जाऊ शकते, आणि ती रक्कम अख्ख्या किटपेक्षा मोठी असू शकते.

यासाठी ‘पब्लिक लायबिलिटी’ विमा असतो. तुमच्या कामामुळे परक्या माणसाला इजा झाली किंवा त्याच्या वस्तूचं नुकसान झालं आणि त्याची कायदेशीर जबाबदारी तुमच्यावर आली, तर तो भरपाई देतो. दुकानदारांच्या एकत्रित पॉलिसीतही हा भाग जोडलेला असतो. पण एक गोष्ट नक्की पाहा. तो फक्त दुकानाच्या आवारापुरता आहे, की बाहेरच्या कामालाही चालतो? तुमचं निम्म्याहून अधिक काम बाहेरच असतं. आवारापुरता विमा मांडवात उपयोगी पडणार नाही.

दोन आकडे विचारून वहीत लिहा. एका अपघाताला जास्तीत जास्त किती, आणि वर्षभरात मिळून किती.

कार्यालयाचा विमा आहे म्हणून तुम्ही निश्चिंत राहू नका. तो त्यांच्यासाठी असतो.

ड्रोन उडवत असाल, तर हे नीट ऐका. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपेक्षा जास्त वजनाच्या ड्रोनला तृतीय पक्ष विमा बंधनकारक आहे. जसा तुमच्या मोटारसायकलला असतो, तसाच. लग्नाचं काम हे पैसे घेऊन केलेलं काम आहे, त्यामुळे अशा ड्रोनसाठी चालकाचं प्रमाणपत्रही लागतं. नोंदणी नाही, प्रमाणपत्र नाही आणि ड्रोन वऱ्हाडावर पडला, तर विमा कंपनीपुढे तुमची बाजू लंगडी पडेल.

लाइट धरणारा पोरगा तुमच्या भरवशावर शिडीवर चढतो. त्याला विसरू नका. त्याच्या बँक खात्यातून प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना सुरू करून द्या. वर्षाला २० रुपये. वय १८ ते ७०. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्व आलं तर २ लाख, कायमचं अंशतः अपंगत्व आलं तर १ लाख. ही अगदी पहिली पायरी आहे. कायम माणसं ठेवली असतील, तर कामगार नुकसानभरपाईचा विमाही घ्या.

पाचवं काम: काय मिळत नाही, ते आधी वाचा

पॉलिसीत काय मिळणार हे सगळेच वाचतात. तुम्ही काय मिळणार नाही ते पान आधी उघडा. साधारण या गोष्टी तिथे असतात.

लेन्सला लागलेली बुरशी आणि वापरून झालेली झीज. कोकणात बुरशी फार लवकर धरते. तिला विमा नाही, कोरडा डबा आणि सिलिका जेलच हवं.

उघड्या किंवा माणूस नसलेल्या गाडीतली चोरी. बहुतेक पॉलिसींत गाडी कुलूपबंद असावी आणि ती फोडल्याची खूण असावी, अशी अट असते.

बेवारस ठेवलेल्या बॅगेची चोरी. रुखवताच्या टेबलाखाली ठेवलेली माझी बॅग यातच मोडली असती. म्हणून बॅग अंगावर ठेवा, नाहीतर एक माणूस तिच्यापाशीच बसवा.

मित्राला वापरायला दिलेला कॅमेरा, भाड्याने दिलेला कॅमेरा आणि तुम्ही भाड्याने आणलेली लेन्स. या तिन्हींबद्दल कंपनीला आधी विचारा. लेन्स भाड्याने आणली आणि फुटली, तर मालक तुमच्याकडेच पैसे मागणार.

विम्याचा अर्ज एजंटाकडे कोरा सही करून देऊ नका. कॅमेरा धंद्यासाठी वापरता हे लपवू नका. लपवलेली गोष्ट नेमकी दाव्याच्या वेळी बाहेर येते. पैसे थेट कंपनीच्या खात्यात भरा. हप्ता कंपनीकडे पोचल्याशिवाय विमा सुरू होत नाही, हा कायदाच आहे. ‘विमा नियामकाकडून बोलतोय, बोनस आलाय’ असा फोन आला, तर ठेवून द्या. नियामक संस्था कुणाला पॉलिसी विकत नाही.

सहावं काम: फोटो गेले तर?

हे सगळ्यात नाजूक आहे. कॅमेऱ्याचा विमा कॅमेऱ्याचे पैसे देतो. कार्डातल्या लग्नाचे देत नाही. पब्लिक लायबिलिटीही सहसा अंगाला झालेली इजा आणि वस्तूंचं नुकसान एवढंच पाहते. ‘फोटो मिळाले नाहीत’ ही तक्रार तिच्यात बसत नाही. आणि ग्राहक मात्र ग्राहक आयोगात जाऊ शकतो.

म्हणून इथे विमा तुम्हीच व्हायचं. कॅमेऱ्यात दोन कार्डांची सोय असेल, तर दोन्हींवर एकदम फोटो घ्या. घरी आल्यावर झोपण्याआधी दोन डिस्कवर उतरवा. एक डिस्क स्टुडिओत, दुसरी घरी. अल्बम पोचेपर्यंत कार्ड पुसू नका.

आणि काम घेताना एक पानी करार करा. तारीख, वेळ, रक्कम, इसार, अल्बम कधी देणार. आजारपणात किंवा यंत्र बिघडल्यास काय करणार. फोटो आपल्या हातात नसलेल्या कारणाने गेले, तर किती रक्कम परत देणार. हे सगळं साध्या मराठीत लिहा. नातेवाइकांच्या लग्नातसुद्धा लिहा. कागदामुळे नातं तुटत नाही, उलट टिकतं.

नुकसान झालंच, तर

कुणाला लागलं असेल, तर माणुसकी आधी. दवाखान्यात न्या, सोबत थांबा, विचारपूस करा. पण ‘चूक माझी, सगळा खर्च मी देईन’ असं तिथल्या तिथे लिहून देऊ नका. कंपनीला न विचारता जबाबदारी कबूल केली, तर दावा अडू शकतो. आधी कंपनीला कळवा.

चोरी झाली असेल, तर त्याच दिवशी पोलिसांत जा. परगावी असाल, तरी थांबू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात हद्द कुठलीही असली, तरी गुन्हा नोंदवून घ्यायची तरतूद आहे. झीरो एफआयआर मागा. रेल्वेत चोरी झाली, तर १३९ वर कळवा आणि लोहमार्ग पोलिसांत तक्रार द्या. एफआयआरमध्ये प्रत्येक सिरीयल नंबर लिहिलाय ना, ते सही करण्याआधी वाचा.

विमा कंपनीला फोन करा आणि मेलही करा. मेलचा पुरावा राहतो. फुटलेली लेन्स कंपनीने पाठवलेल्या सर्व्हेअरने पाहिल्याशिवाय दुरुस्तीला देऊ नका, टाकूनही देऊ नका. तुकडे डब्यात ठेवा. फोटो काढा. आपलं तेच काम आहे.

दावा नाकारला, तर कारण लेखी मागा. मग कंपनीच्या तक्रार विभागाला लिहा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. मुंबईत आणि पुण्यात कार्यालयं आहेत. एकट्या मालकाच्या छोट्या व्यवसायालाही तिथे दाद मागता येते. फी नाही, वकील लागत नाही. मात्र कंपनीचा नकार आल्यापासून वर्षाच्या आत जावं लागतं. नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ या संकेतस्थळावरही तक्रार नोंदवता येते. त्यांचा फोन १५५२५५.

वही कुठे ठेवायची

वही बॅगेत ठेवू नका. घरात ठेवा आणि कुठे ठेवली, ते घरच्यांना दाखवून ठेवा.

आमच्या घरी ती देवघराखालच्या कप्प्यात असते. गेल्या हंगामात माझा मुलगा परगावी लग्नाला गेला होता. जेवणासाठी थांबला असताना त्याच्या कुलूपबंद गाडीची काच फोडून बॅग नेली. रात्री साडेअकराला त्याचा घरी फोन आला. सूनबाईंनी कप्पा उघडला, चष्मा लावला आणि फोनवर एकेक नंबर वाचायला सुरुवात केली. बॉडीचा, मग लेन्सचा, मग फ्लॅशचा. पलीकडे मुलगा तोच आकडा परत म्हणत होता आणि ठाण्यातले अंमलदार लिहून घेत होते.

तक्रार त्याच रात्री झाली. फुटलेल्या काचेचे फोटो होते, पक्की बिलं होती, किंमत खरी मांडलेली होती. त्याच्या वाट्याची रक्कम वजा जाऊन बाकीचे पैसे आले. पुढच्या रविवारचं लग्न त्याने भाड्याच्या बॉडीवर केलं, त्याच्या पुढचं स्वतःच्या.

घरात कुणाला कर्ज काढावं लागलं नाही. यंदा खंडेनवमीला ती वही पाटावर कॅमेऱ्याशेजारी असेल.